सोलापूरच्या उन्हाळ्यात पिवळा ब्रिसलनोज कसा सांभाळावा

ब्रिसलनोज म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा, नाकावर मिशा येणारा लहान सकर मासा. तो घ्यायला दुकानात जाऊन नुसता ‘पिवळा सकर’ मागू नका. त्या एका नावाखाली तीन वेगवेगळे मासे विकले जातात आणि त्यातला एक तर तुमच्या टाकीत मावणारच नाही. तो म्हणजे साध्या मोठ्या सकरचा अल्बिनो, म्हणजे अंगात गडद रंग नसलेला फिका प्रकार. दोन इंचाचा असताना फार गोड दिसतो, पण वाढत वाढत फूटभर आणि पुढेही जातो. दुसरा अल्बिनो ब्रिसलनोज. हा लहानच राहतो, अंग फिकट पिवळं आणि डोळे लालसर. तिसरा आपला, लेमन ब्रिसलनोज. अंग भरून पिवळं आणि डोळे काळसर निळे. पूर्ण वाढला तरी चार-पाच इंचांच्या पुढे सहसा जात नाही.

मोठा सकर आणि ब्रिसलनोज यांतला फरक लहानपणीही ओळखता येतो. मासा काचेला चिकटला की पाठीवरचा पंख उघडायची वाट बघा आणि मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहा. ब्रिसलनोजच्या पंखात पुढचा जाड काटा सोडला तर मागे सात काटे असतात. मोठ्या सकरच्या पंखात दहाच्या वर. दुकानदार काहीही म्हणो, हे काटे खोटं बोलत नाहीत. नाकावरच्या मिशा बघून ठरवायला जाऊ नका, कारण दोन-अडीच इंचापर्यंत त्या धड येतच नाहीत.

काही ठिकाणी या माशाला ‘एल १४४’ म्हणतात. जर्मनीतल्या डाट्झ नावाच्या मासिकानं १९८८ पासून नव्यानं सापडणाऱ्या सकर कुळातल्या माशांना शास्त्रीय नाव मिळेपर्यंत एल-क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यातला हा १४४ वा. तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे नदीच्या बाजूचा. पण आपल्याकडच्या दुकानात मिळणारे पिवळे मासे टाकीतच पिढ्यान् पिढ्या वाढलेले असतात. त्यांचं मूळ थेट तिथपर्यंत नेऊन दाखवणं कोणालाच शक्य नाही, म्हणून ‘ओरिजनल एल १४४’ म्हणून कोणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका. रंग, डोळे आणि तब्येत बघा.

तब्येत पोटावरून कळते. मासा समोरच्या काचेला चिकटला की खालून त्याचं पोट दिसतं. ते सपाट किंवा किंचित भरलेलं असावं. आत ओढलेलं पोट आणि खोल गेलेले डोळे दिसले तर तो मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. प्रवासात आणि दुकानात उपाशी राहिलेला सकर नंतर खाऊ लागला तरी बऱ्याचदा उभा राहत नाही. दीड-दोन इंचाचा, शेपटी अखंड असलेला आणि बोट काचेजवळ नेल्यावर झटकन सरकणारा मासा घ्या.

माझं मोटार रिवायंडिंगचं काम आहे, अशोक चौकाच्या बाजूला. दिवसभर पंप, पंखे, वायंडिंग यांतच जातो, त्यामुळे टाकीकडेही मी आधी हवा आणि वीज या दोन बाजूंनीच बघतो. आणि सोलापुरात तेच बरोबर आहे. इथे पुस्तकातली टाकी चालत नाही. पुण्यातला माणूस हीटरचा विचार करतो, आपल्याला मार्चपासूनच पाणी थंड ठेवण्याच्या मागे लागावं लागतं.

टाकी एका जोडीसाठी निदान अडीच फूट लांब हवी. अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच म्हणजे साधारण ऐंशी-पंच्याऐंशी लिटर. तीन फुटी असेल तर उत्तम. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हा तळाशी आणि काचेवर फिरणारा मासा आहे. एका टाकीत एकच नर ठेवा. दोन नर असले की गुहेवरून भांडणं होतात आणि गालाजवळचे काटे बाहेर काढून ते एकमेकांना जखमा करतात. एक नर आणि एक-दोन माद्या, बस.

तळाला बारीक गुळगुळीत वाळू घाला. रंगवलेली चमकदार खडी नको, पोट घासून फिरणाऱ्या माशाला ती टोचते. वाळू आणि मागचा कागद गडद असेल तर पिवळा रंग खुलून दिसतो. पांढऱ्या वाळूवर हाच मासा फिका वाटतो. लाकूड हवंच. ड्रिफ्टवूड तासभर उकळून, मग आठवडाभर पाणी बदलत भिजवून टाकीत ठेवा. पाणी थोडं चहाच्या रंगाचं होतं, त्यानं काही बिघडत नाही. मासा ते लाकूड रात्रंदिवस खरवडतो. त्यावरचा थर आणि लाकडाचे तंतू त्याच्या पोटाला चांगले असतात.

गुहेसाठी बाजारात महागड्या वस्तू मिळतात, पण दीड इंची पीव्हीसी पाइपचा पाच-सहा इंचाचा तुकडा आणि त्याच्या एका टोकाला एंड कॅप, एवढ्यानं काम होतं. कापलेली कड सँडपेपरनं नीट घासा. सोल्युशन लावू नका, कॅप नुसती दाबून बसवा. नराला गुहा अंगाबरोबर बसणारी लागते. फार मोठी, दोन्ही बाजूंनी उघडी जागा तो धरत नाही. कुंभाराकडची न रंगवलेली लहान मडकी आडवी ठेवली तरी चालतात.

मासा आणण्याआधी टाकी चालवून घ्या. स्पंज फिल्टर लावून, अगदी चिमूटभर खाद्य टाकत चार ते सहा आठवडे पाण्यानं भरलेली टाकी माशांशिवाय चालली की माशाच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये बसतात. आधीच चालू असलेल्या टाकीतला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं. तो स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दाबून धुवा, नाहीतर क्लोरीननं जिवाणू मरतात.

आता पाणी. आपल्याकडे उजनीचं पाणी येतं, पण रोज येत नाही. नळ येतो त्या दिवशी सगळं भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे, ही सवय आपल्याला आहेच. माशांसाठी त्याच दिवशी एक वेगळा ड्रम भरा, सावलीत ठेवा आणि त्यात एअर पंपाचा एक दगड, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा बारीक बुडबुडे सोडणारा दगड, चोवीस तास सोडा. क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिल-मे महिन्यांत टाकीत कधीही थेट घालू नका. दुपारी तीन वाजता ते हाताला चटका देतं आणि पहाटेपर्यंतही नीट निवत नाही.

बोअरचं पाणी चालतं का, हे मला बरेच जण विचारतात. ब्रिसलनोज बराच जडपणा सोसतो. सहा-साडेसहापासून आठच्या जवळपासपर्यंतच्या पीएचमध्ये तो राहू शकतो. त्याला सोसत नाही तो अचानक बदल. एक आठवडा नळाचं, दुसऱ्या आठवड्यात नळ आला नाही म्हणून बोअरचं, असं करू नका. बोअरच वापरायचं असेल तर नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळून, कायम तसंच वापरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि नवीन पाणी जुन्याच्या तापमानाशी जुळवून, हळूहळू सोडा.

या माशाला २३ ते २७ अंश मानवतं. आपला पारा मे महिन्यात ४३-४४ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या घरात, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी सहज ३२-३३ होतं. उष्णता स्वतः जितकी मारत नाही तितकी हवेची कमतरता मारते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांवर सव्वासात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या अंगाला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. ब्रिसलनोज वर येऊन हवेचा घोट घेऊ शकतो, म्हणून तो बाकीच्या माशांपेक्षा थोडा जास्त तग धरतो. पण तो सारखा वर जाऊन घोट घेताना दिसला तर ती कौतुकाची गोष्ट नाही. टाकीत हवा कमी पडते आहे, लगेच पंप वाढवा.

उन्हाळ्यासाठी मी हे करतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, खालच्या मजल्यावर ठेवतो. झाकण काढून त्या जागी जाळी लावतो. जाळीवर कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा असा बसवतो, की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका जाईल. आपली हवा कोरडी असल्यानं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. दोन ते चार अंशांचा फरक यानं पडतो. कोकणातल्या माणसाला या पंख्याचा असा उपयोग होणार नाही, आपल्याला होतो, तो करून घ्या. मात्र उडतं ते नुसतं पाणी. क्षार टाकीतच राहतात आणि रोज बोअरचंच पाणी वरून भरत गेलात तर महिनाभरात टाकी खारट होते. म्हणून रोजची घट भरायला घरच्या आरओचं पाणी वापरा आणि आठवड्याचा पाणीबदल नेहमीच्या पाण्यानं करा. दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा तापमापक काचेला लावाच, हात बुडवून अंदाज घेऊ नका.

बर्फ थेट टाकू नका. अगदीच वेळ आली तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत ठेवा, आणि एका तासात एखाद्या अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. दुपारी टाकीचा दिवा बंद ठेवा.

विजेबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण टाकीजवळ ओल्या हातानं पिन काढणारी माणसं मी रोज बघतो. प्रत्येक वायर बोर्डापर्यंत नेताना आधी बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकतं, पिनमध्ये शिरत नाही. त्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. नसेल तर माशांवर पुढचा रुपया घालण्याआधी तो बसवून घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं आणि पुन्हा वीज आल्यावर पंप जळतो. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या एअर पंपांत हेच कारण सगळ्यात जास्त असतं. भर उन्हाळ्यात वीज दोन-तीन तास जाते, त्यासाठी मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारा लहान यूएसबी पंप घेऊन ठेवा. स्वस्त असतो. एक दगड फिरत राहिला तरी मासे आणि स्पंजमधले जिवाणू दोन्ही वाचतात.

आणि खाणं. ‘सकर टाका, टाकी साफ राहते, त्याला काही घालावं लागत नाही’ हे जे सांगितलं जातं, त्यानं या माशांचा जीव जातो. काचेवरचं शेवाळ त्याला दोन दिवसही पुरत नाही. दुसऱ्या माशांची विष्ठा तो खात नाही. उलट सतत खाणारा असल्यानं त्याची स्वतःची घाण बरीच होते. पोटासाठी त्याला रोज वेगळं घालावं लागतं, आणि संध्याकाळी दिवा मालवल्यावर घालावं लागतं, कारण तो रात्रीचा मासा आहे.

आपल्या मंडईतली भाजी त्याला चालते. दोडका सगळ्यात आवडता. शिरा तासून, नीट धुऊन, बोटभर जाडीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवायची, गार करायची आणि स्टीलच्या काट्या-चमच्यातल्या काट्यात रोवून तळाशी सोडायची. रात्री टॉर्च न लावता, बाहेरच्या उजेडात बघा. तो चकतीवर बसतो, ओठांची चकती भाजीवर पसरते आणि खरवडण्याची हालचाल गालांपर्यंत दिसते. सकाळी सालाची नुसती कडी उरलेली असते. काकडी, दुधी, लाल भोपळा, सोललेले मटार, पालकाचं पान, हे आलटून पालटून द्या. मीठ-तेल लागलेलं काही नको. भाजीवर फवारणी असते, म्हणून आधी पाण्यात भिजत ठेवा आणि शक्यतो साल काढा. सकाळी उरलेलं उचला. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत सडतं आणि पाणी पांढरट होतं. आठवड्यातून तीन-चार दिवस तळाशी बसणाऱ्या शाकाहारी गोळ्या द्या. गोठवलेले किंवा वाळवलेले किडे आठवड्यातून एखादवेळी पुरे. मांसाहार वाढला की या माशाचं पोट फुगतं.

सोबतीला गप्पी, मॉली, टेट्रा चालतात. गोल्डफिश नको, मोठे सिक्लिड नकोत आणि मोठा सकर तर नकोच.

मासा पकडायची वेळ आली की जाळी वापरू नका. गालावरचे काटे आणि पंखांचे खरखरीत टोक जाळीत अडकतात आणि ओढताना त्याला इजा होते. प्लॅस्टिकचा डबा समोर धरून हातानं हळूच आत लोटा. चुकून अडकलाच तर जाळी कात्रीनं कापा, मासा ओढू नका.

आजारात औषध घालताना बाटलीवरचं नाव वाचा. तांब्याची औषधं या कुळाला सोसत नाहीत, बाकीच्यांचाही डोस कमी ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला ‘तापमान वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. सोलापुरात मे महिन्यात तो पाळू नका, पाणी आधीच तापलेलं असतं. हवा वाढवा, रोज थोडं पाणी बदला, तळ स्वच्छ ठेवा आणि कमी डोसनं औषध सुरू करा.

वर्षभरानं नराच्या नाकावर फांद्या फुटलेल्या मिशा येतात. मादीला येतच नाहीत, किंवा ओठांच्या कडेला बारीक एक ओळ येते. मादी वरून पाहिली की पोटाशी रुंद दिसते. पिल्लं हवी असतील तर पंधरा दिवस खाणं चांगलं करा, मग नेहमीपेक्षा दोन-तीन अंश थंड पाण्यानं पाव टाकी बदला. आपल्याकडे याला दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. उन्हाळ्याचा ताण नसतो. थंडीच्या रात्री मात्र पाणी २२ च्या खाली जात असेल तर तेवढ्यापुरता हीटर लावा.

नर आधी गुहा साफ करतो, मग मादीला आत घेऊन तोंड अडवून बसतो. केशरी अंड्यांचा घोस गुहेच्या आत चिकटतो. त्यानंतर मादीचं काम संपलं. नर एकटा आत बसून पंखांनी वारा घालत राहतो, खायलाही बाहेर येत नाही. २६ अंशांच्या आसपास पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात, आणि पुढे तितकेच दिवस पिल्लं पोटाखाली पिवळा बलक घेऊन गुहेतच राहतात. या काळात गुहा हलवू नका, टॉर्च मारू नका. घाबरलेला नर अंडी बाहेर ढकलतो. ढकललीच तर लहान जाळीच्या डब्यात ती घेऊन शेजारी हवेचा दगड असा ठेवा, की अंडी हळूच हलत राहतील. पांढरी पडलेली अंडी रोज काढा.

बलक संपला की पिल्लं बाहेर पडून काचेवर दिसू लागतात. तेव्हापासून त्यांच्यासमोर चोवीस तास खाणं हवं आणि पाणीही तितकंच स्वच्छ हवं. पिल्लं मरतात ती बहुतेक या दोन्हींचा मेळ न बसल्यामुळे. देशी बदामाची वाळलेली पानं यासाठी फार उपयोगी. आपल्या कॉलन्यांतून ही झाडं भरपूर आहेत. आपोआप गळालेली, फवारणी न झालेली पानं धुऊन टाका. पानावर जो बुळबुळीत थर येतो तो पिल्लं दिवसभर खातात. भाजीचे तुकडे सकाळ-संध्याकाळ बदला आणि एक दिवसाआड थोडं पाणी बदला.

रंगाची एक गोष्ट माहीत असू द्या. लेमन आणि लेमन यांची जोडी असेल तर पिल्लं पिवळी निघतात. लेमन आणि साधा तपकिरी ब्रिसलनोज यांची पिल्लं तपकिरीच दिसतात, पिवळेपणा त्यांच्यात लपून राहतो. लेमन आणि लाल डोळ्यांचा अल्बिनो यांची जोडी लावली तरीही बहुधा सगळी पिल्लं तपकिरी निघतात, कारण दोन्हींचं कारण वेगवेगळ्या जनुकात असतं. म्हणून दोन्ही पिवळे दिसतात म्हणून जोडी लावू नका, डोळे बघून लावा. आणि एकाच घोसातली भावंडं पिढ्यान् पिढ्या जुळवत राहू नका. आखूड धड आणि अर्धवट पंखांची पिल्लं त्यातून येतात. नर किंवा मादी यातलं एक दुसऱ्याकडून आणा.

एका वेळी पन्नासच्या पुढेही पिल्लं होऊ शकतात, तेव्हा ती कोणाला द्यायची हे आधी ठरवा. जास्त झाली म्हणून सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नका. मोठे सकर असेच लोकांनी सोडलेले आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत आहेत, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेतही सापडले. देवळात दान केल्यासारखं वाटतं, पण तलावातल्या आपल्या माशांच्या तोंडचा घास जातो. इंचभर वाढलेली पिल्लं ओळखीच्या टाकीवाल्यांना द्या, नाहीतर दुकानात देऊन त्या बदल्यात खाद्य घ्या. न्यायचं ते पहाटे न्या. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, आदल्या दिवशी पिल्लांना खायला घालू नका, आणि पिशवी गाडीच्या डिकीत न ठेवता ओल्या टॉवेलात गुंडाळून हातात धरायला कोणाला तरी मागे बसवा.